आधी फरशी, मग नकाशा

मला भूगोलात कधी पस्तीसच्या वर मार्क मिळाले नाहीत. नकाशा भरा म्हटलं की गोदावरी हमखास अरबी समुद्राला मिळायची. मास्तर म्हणायचे, "अरे, पाणी कुठल्या दिशेला वाहतं हे तुला एकदा फार महागात कळणार आहे." मास्तरांचं हे भाकीत खरं व्हायला पन्नास वर्षं लागली, आणि ते महागात माझ्या नव्हे, माझ्या वहिनींच्या पडलं.

दादा गेल्यावर वर्षभराने वहिनींनी जाहीर केलं की त्या पोळी-भाजी केंद्र काढणार. घरातल्या सगळ्यांनी "वा वा" केलं. मराठी घरात धंद्याला "वा वा" म्हणायची पद्धत आहे. पैसे कुठून आणणार हा प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारतात. पण वहिनींनी तोही सोडवलेला होता. दादांच्या फंडातले पैसे होते, हाताला चव होती आणि आजूबाजूला एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे साठ डबे आधीच ठरलेले होते. फक्त गाळा हवा होता. तोही मिळाला. दहा बाय बावीस, पुढे रस्ता, मागच्या बोळात दार. भाडं महिना १८,००० रुपये. १ जानेवारी २०१९ पासून भाडेकरार सुरू.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "परवान्याचं तेवढं तुम्ही बघा. तुम्हाला वेळ असतो."

निवृत्त माणसाला वेळ असतो, या समजुतीवर आपल्याकडची निम्मी सरकारी कामं चालतात. मीही मोठ्या उत्साहाने निघालो. माझा विचार साधा होता: गाळ्यात अजून एक वीटही हललेली नाही, तेव्हा आधी खात्यात जावं, कागदावर गाळा काढून दाखवावा, ओटा कुठे, मोरी कुठे, हात धुवायचं बेसिन कुठे, ते त्यांनीच सांगावं, आणि मग गवंड्याला बोलवावं. मी याला शहाणपणा समजत होतो.

टेबलामागच्या गृहस्थांनी माझा कागद पाहिला, मग मला पाहिलं. "जागा तयार आहे?"

"नाही. म्हणून तर आलो."

"मग काय बघायचं? जागा तयार करा, भाडेकरार, फोटो, नकाशा लावा, अर्ज भरा. मग बघू."

"पण तयार केल्यावर तुम्ही म्हणालात मोरी चुकली, तर?"

"तर त्रुटी निघेल," ते म्हणाले. पाऊस आला तर भिजाल, असं म्हणावं त्या सुरात.

(मी सगळीकडे 'खातं' म्हणतो आहे. प्रत्यक्षात ती तीन ठिकाणं होती आणि तिन्ही ठिकाणी मला 'ते आमच्याकडे नाही' हे वाक्य सारख्याच चालीवर ऐकायला मिळालं. गावाचं नाव सांगत नाही. आपल्या गावचं समजा.)

तेव्हा आम्ही जागा तयार केली. गवंड्याने सोसायटीचं चेंबर पुढे रस्त्याच्या अंगाला आहे हे पाहिलं आणि शहाण्या गवंड्याप्रमाणे फरशीला पुढच्या बाजूला ढाळ दिला. माल मागच्या बोळातून आत येणार, मागेच भाज्या धुणार-चिरणार, मधे शेगड्या आणि पोळ्यांचा ओटा, पुढे डबे भरायचं टेबल आणि खिडकीतून विक्री. मी स्वतः ही रचना पाहून खूश झालो. पाणीही पुढे, पोळीही पुढे. सगळंच कसं पुरोगामी.

आता परवाना म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं, कारण अजूनही पुष्कळांना वाटतं की चार पोळ्या लाटायला कसला आलाय परवाना. अन्नभेसळीचा जुना कायदा १९५४ चा. तो जाऊन २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्याचे नियम लागू झाले. त्या नियमांनी एक रेघ मारली होती. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर नुसती नोंदणी, वर्षाला १०० रुपये फी. त्याच्या वर गेलात की परवाना, आणि परवान्यामागून नकाशा. मी वहिनींना म्हटलं, "आपण कसले बारा लाखवाले!" वहिनींनी पोळपाटावर पिठातच हिशेब मांडला. साठ डबे, डब्याला ८० रुपये, वर्षाचे ३०० दिवस. चौदा लाख चाळीस हजार. आमच्या घराण्यात एवढा मोठा आकडा प्रथमच निघाला होता. आनंद व्हावा की नाही हे कुणालाच कळेना. डब्यामागे सुटणार पंधरा रुपये. पण रेघ उलाढालीला असते, सुटणाऱ्याला नव्हे.

तर नकाशा. नियमात म्हटलं होतं की जागेचा आराखडा मीटरमध्ये हवा आणि कुठल्या कामाला किती चौरस मीटर जागा, तेही दाखवायला हवं. दहा बाय बावीस फूट म्हणजे सुमारे २०.४ चौरस मीटर. एका ड्राफ्ट्समनला गाठलं. त्याने आयुष्यभर बंगले काढले होते. पोळ्या लाटायला किती चौरस मीटर लागतात, असं त्याने विचारल्यावर वहिनींनी पोळ्या लाटणाऱ्या मावशींना खुर्चीवर बसवून हात फिरवायला सांगितलं आणि त्याने टेप लावला. मावशी लाजून अर्ध्याच फिरल्या. यंत्रांची यादीही लागते: किती, केवढी, किती अश्वशक्तीची. कणीक मळायचं यंत्र आणि मिक्सर लिहिले. पाटा-वरवंट्याची अश्वशक्ती मी वहिनींना विचारली, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की तो रकाना मी तसाच सोडला. मग पाण्याचा तपासणी अहवाल. नळाला येणारं पाणी पालिकेचं. ते पिण्यालायक आहे हे पालिका सोडून तिसऱ्याकडून पैसे देऊन लिहून आणायचं. आणलं.

४ फेब्रुवारीला अर्ज गेला.

आमचा मेहुणा वकील आहे. त्याने एक गोड बातमी दिली. कायद्याच्या ३१ व्या कलमात असं आहे की अर्ज केल्यापासून दोन महिन्यांत परवानाही नाही आणि नकारही नाही, तर तुम्ही मुदत संपताच खुशाल धंदा सुरू करा. मला त्या कायद्याबद्दल एकदम प्रेम वाटू लागलं. हिंदुस्थानात सरकारच्या गप्प बसण्याचा अर्थ 'हो' असा लावणारा कायदा निघावा, हे काय थोडं झालं? मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस खोडू लागलो. पन्नास झाले. पंचावन्न झाले. वहिनींनी डब्यांना स्टिकर छापून आणले.

अठ्ठावन्नाव्या दिवशी पत्र आलं.

ज्या खात्याला सत्तावन्न दिवस माझी आठवण झाली नाही, त्याला अठ्ठावन्नाव्या दिवशी नेमकी कशी होते, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. कॅलेंडर आमच्याच भिंतीवर होतं असं नव्हे, तिकडेही असणार. पत्रात त्रुटी तीन. नकाशावर उत्तर दिशेचा बाण नाही. बेसिन दाखवलं आहे पण 'हात धुण्याचे' असं लिहिलेलं नाही. आणि तिसरी: सांडपाण्याचा प्रवाह अन्नप्रक्रियेच्या प्रवाहाच्या दिशेनेच आहे, तो विरुद्ध दिशेने हवा.

पहिल्या दोन त्रुटी मी उभ्याउभ्या बॉलपेनने दूर केल्या. तिसरी वाचून मात्र मी हसलो, आणि कट्ट्यावर जाऊन सगळ्यांना हसवलं. "पाणी म्हणे पोळीच्या उलट वाहिलं पाहिजे!" कट्टा खूश. एकजण म्हणाले, "पाकीट ठेवा, पाणी पाहिजे त्या दिशेला वाहतं." दुसरे म्हणाले, "अहो, चौकातल्या गाडीवाल्याचं पाणी चारी दिशांनी वाहतं, त्याला कोण विचारतो?" तिसरे म्हणाले, "मुळात परवानेच रद्द करा. लोक ठरवतील कुठे खायचं." असं आमच्या कट्ट्याचं अर्थशास्त्र आहे.

पण तपासणीला आलेला अधिकारी तरुण मुलगा होता, आणि चिडका नव्हता. त्याने चहा घेतला नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण कट्टा विश्वास ठेवणार नाही. तो मागच्या दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "काका, इथे तुम्ही पालक धुणार. चिखल, माती, कधी गोगलगायसुद्धा. ते पाणी कुठून जाणार?" मी बोट दाखवत गेलो. शेगड्यांखालून, पोळ्यांच्या ओट्याखालून, डबे भरायच्या टेबलाखालून. बोट पुढच्या खिडकीपाशी पोचलं तेव्हा मी गप्प झालो होतो. जे खाणं शिजून तयार झालं, ज्याला आता पुन्हा आच लागणार नाही, त्याच्या पायाशी सगळ्या गाळ्याची घाण आम्ही मोठ्या कौशल्याने आणून सोडली होती.

माझ्या हसण्याचं पुढे काही झालं नाही.

खरं सांगायचं तर मला हा नियम आधीपासून माहीत होता. तो आमच्या आजीचा नियम होता. आजी खरकट्याची बादली चुलीवरून नेऊ द्यायची नाही. लांबून, पडवीतून वळसा घालून न्यावी लागायची. आम्ही त्याला सोवळं म्हणून हसत होतो. तिच्या सोवळ्यात माणसांना शिवू न देण्याचा जो भाग होता, तो गेला हे फार उत्तम झालं; पण बादलीचा वळसा त्याबरोबर टाकून द्यायला नको होता. तो सरकारने उचलला आणि नियमात घातला. सरकारने आजीचं ऐकलं, असं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

तेव्हा नियम रद्द करा म्हणणाऱ्या कट्टेकऱ्यांच्या बाजूचा मी नाही. मला विशीत टायफॉइड झाला होता, एका कँटीनच्या कृपेने. एकवीस दिवस मी पेजेवर होतो. 'लोक ठरवतील कुठे खायचं' म्हणणाऱ्याला विचारावंसं वाटतं, की त्या कँटीनची मोरी कुठे आहे हे मला टेबलावर बसून कसं दिसणार होतं? लोक ठरवतात हे खरं, पण साधारणपणे इस्पितळात गेल्यावर ठरवतात. आणि वहिनींचे साठ डबे पंचाहत्तरीच्या लोकांना जाणार होते. गरम पदार्थ साठ अंशांच्या वर, थंड पाच अंशांच्या खाली ठेवा, हाताने काम करणाऱ्यांची दरवर्षी डॉक्टरी तपासणी करा, हे नियम मला एका ओळीनेही जाचक वाटत नाहीत. उलट असं म्हणेन की गाडीवाल्याला कुणी विचारत नाही, हा गाडीवाल्याला विचारण्याच्या बाजूचा मुद्दा आहे, वहिनींना न विचारण्याच्या बाजूचा नव्हे.

माझं भांडण वेगळं आहे, आणि ते मी आता जरा आवाज चढवून करतो.

नकाशा ही चीज माणसाने कशासाठी शोधून काढली? काम करण्याच्या आधी कागदावर चुका करता याव्यात म्हणून. कागदावरची मोरी खोडरबराने हलते. फरशीतली मोरी छिन्नीने हलते. बांधण्याआधी मागतात तो नकाशा; बांधून झाल्यावर मागतात तो फोटो. आमचं खातं नकाशा म्हणून फोटो मागतं आणि फोटो पाहून नकाशाच्या चुका काढतं. मी ३ जानेवारीला त्या टेबलासमोर कोरा गाळा घेऊन उभा होतो. त्या दिवशी कुणीही, शिपायानेसुद्धा, पाच मिनिटं माझा कागद पाहून "आजोबा, ढाळ मागे घ्या" म्हटलं असतं, तर एका रेघेत काम होतं. त्यांनी सांगितलं नाही, कारण सांगणं त्यांचं काम नाही. चुकल्यावर पकडणं हे काम. पोहायला शिकवणाऱ्याने काठावर पाटी घेऊन बसावं आणि बुडणाऱ्यांची नोंद ठेवावी, असा हा प्रकार.

असं आधी बघणं शक्यच नसतं म्हणावं, तर तेही नाही. याच राज्यात तुम्ही घर बांधायला काढा. १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. आधी नकाशा मंजूर, मग काम सुरू करण्याचं प्रमाणपत्र, काम झालं की भोगवट्याचं. आधी कागद, मग वीट, मग माणूस. त्या खात्याबद्दल मी काही फार प्रेमाने बोलतो आहे असं समजू नका, तिथेही चपला झिजतात. पण क्रम तरी सरळ आहे. म्हणजे माणूस कुठे झोपणार हे सरकार आधी बघतं आणि तीनशे माणसं कुठल्या ओट्यावरचं खाणार हे नंतर. आमचा भाचा अमेरिकेत वडापावचं दुकान काढायच्या खटपटीत होता. तिथल्या नमुना अन्नसंहितेत स्पष्ट लिहिलं आहे की बांधकामाच्या, फेरबदलाच्या आधी नकाशे सादर करा आणि मंजूर करून घ्या. भाचाही फोनवर रडत होता, फी फार, वेळ फार, हात धुवायच्या बेसिनवरून तीनदा नकाशा परत आला. मी म्हटलं, "तुझी फरशी फुटली का?" म्हणाला, "फरशी अजून घातलीच नाही." मी फोन ठेवला. त्याच्या दुःखात सहभागी होण्याची माझी ताकद नव्हती.

मी हे सगळं त्या तरुण अधिकाऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "काका, पटतं. पण अर्ज आल्याशिवाय मी येऊ शकत नाही, आणि जागा तयार असल्याशिवाय अर्ज येत नाही. शिवाय मी आधी 'ठीक आहे' म्हणालो आणि नंतर काही झालं, तर सही माझी." इथे खरी मेख आहे. आधी सही केली की जबाबदारी येते. नंतर त्रुटी काढली की नुसता अधिकार राहतो. मला त्या मुलाचा राग आला नाही. अख्ख्या खात्याने स्वतःचा ढाळ असा दिलेला आहे की जोखीम वाहत वाहत खिडकीबाहेरच्या माणसाच्या पायाशी येते.

आणि बाहेरचं माणूस कोण असतं? मोठं हॉटेल काढणाऱ्याला सल्लागार परवडतो. तो पहिल्याच दिवशी मोरी मागे काढतो. अडकतं ते पोळी-भाजीवाल्या बाईचं. १९५९ मध्ये गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं, हे आपण भाषणात सांगतो आणि टाळ्या घेतो. त्या सातजणींना अठ्ठावन्नाव्या दिवशी पत्र आलं असतं, तर ऐंशी रुपयांत गच्चीला ढाळ किती देता आला असता, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. मी वहिनींचाच देतो, तो मला पाठ आहे. फरशी फोडून, ढाळ मागे घेऊन, मागच्या कोपऱ्यात मोरी काढून, तिथून भिंतीकडेने पाइप पुढच्या चेंबरला आणायला ४२,००० रुपये. जानेवारी ते मे गाळ्याचं भाडं भरलं, त्यातला एक महिना कामाला लागणारच होता म्हणून सोडून देतो. चार महिन्यांचे ७२,०००. एकूण १,१४,०००. डब्यामागे पंधरा सुटतात म्हटलं तर ७,६०० डबे. रोज साठ डबे म्हणजे १२७ दिवस वहिनींनी पहाटे चारला उठून खात्यासाठी पोळ्या लाटल्या. एकाही पैशाची लाच न देता. कट्ट्याला हेच समजत नाही. त्यांना वाटतं लाच घेतली तरच लूट होते.

फरशी फोडायला तोच गवंडी आला होता. छिन्नी मारता मारता म्हणाला, "साहेब, ते नेहमी फरशी घातल्यावरच सांगतात. या रस्त्याला ही माझी तिसरी."

"अरे, मग आधी का नाही बोललास?"

"तुम्ही कुठं विचारलं?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात परवाना आला. चौदा आकडी क्रमांक, ठसठशीत. तो दर्शनी भागात लावायचा असतो. मी खिळा आणि हातोडी घेतली, तेवढ्यात वहिनी ओरडल्या, "भावजी, भिंतीला भोक नको! गुळगुळीत, तडा नसलेली भिंत हवी, नियमात आहे." शेवटी दोरी बांधून तो खिडकीच्या गजाला लटकवला. त्या दिवशी सवडीने मी मंजूर झालेला नकाशा प्रथमच नीट वाचला. साठवण ३, भाजी धुणे-चिरणे ४, शिजवणे ६, पोळ्या ५, डबे भरणे साडेतीन, बेसिन १. बेरीज साडेबावीस. गाळा २०.४ चा. दोन चौरस मीटर जागा आमच्या ड्राफ्ट्समनने कुठून आणली देव जाणे, पण तिच्यावर तीन सह्या आणि एक गोल शिक्का होता. मी कुणाला बोललो नाही. पुन्हा अठ्ठावन्न दिवस मोजायची हौस नव्हती.

परवा वहिनी म्हणाल्या, "भावजी, शेजारचा गाळा रिकामा होतोय. दिवाळीच्या फराळासाठी घ्यावा म्हणते. या वेळी आधी कुणाला विचारायचं?"

मी म्हटलं, "गवंड्याला."